माहुताच्या परसातली पाखरं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. पण त्या राजाकडे चाळीस हत्ती होते आणि त्या चाळिसांना वठणीवर आणणारा हैबती नावाचा एक माहूत होता, एवढं मात्र लोकांनी लक्षात ठेवलंय.

हैबती नावासारखाच होता. रुंद खांदे, पिळदार मिशा, आणि आवाज असा, की हत्तीखान्याच्या या टोकाला तो "बैस!" म्हणाला की त्या टोकाचा हत्ती गुडघे टेकायचा. रानातून धरून आणलेला हत्ती कितीही चवताळलेला असो, हैबती त्याला साखळदंडानं बांधायचा, अंकुश दाखवायचा आणि ओरडायचा. महिन्याभरात हत्ती मान खाली घालायचा. राजानं त्याला दोनदा सोन्याचं कडं दिलं होतं.

त्याचं घर मात्र राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठच्या एका लहान गावात होतं. तिथं त्याची बायको राही एकटी राहायची. हैबती वर्षातून दोनदा घरी यायचा, चार दिवस राहायचा आणि परत जायचा. त्या चार दिवसांतही त्याचं बोलणं हत्तीखान्यातलंच असायचं. "पाणी आण." "इथं ठेव." "गप बस." राही पाणी आणायची, सांगितलं तिथं ठेवायची आणि गप बसायची.

असं करता करता तीस वर्षं सरली. हैबतीचे गुडघे धरले. हत्तीच्या पाठीवर चढताना त्याला दोन माणसांचा आधार लागू लागला. मग राजानं त्याला नवं पागोटं बांधलं, मानानं निरोप दिला, आणि हैबती कायमचा घरी आला.

राहीच्या घरामागं मोठं परस होतं. शेवग्याचं एक झाड, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, आणि भोवती मातीची जुनी भिंत. रोज सकाळी राही तिथं मूठभर कण्या टाकायची, मातीच्या परळात पाणी भरून ठेवायची आणि आपलं काम घेऊन बसायची. मग पाखरं यायची. चिमण्या यायच्या, होले यायचे, साळुंक्या यायच्या. एकमेकांशी भांडत भांडत सातभाई यायचे. शेपूट उभारून काळापांढरा दयाळ यायचा. एखादी चिमणी तर राहीच्या गुडघ्यावरच येऊन बसायची. राही त्यांच्याशी बोलायची. काल काय रांधलं, पाठीत कुठं दुखतंय, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, असलंच काहीबाही. पण सकाळभर बोलायची.

हैबती आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या दारात उभा राहिला, जोरात खाकरला आणि म्हणाला, "अगं ए! चूळ भरायला पाणी!"

भुर्रकन सगळी पाखरं उडाली.

तिसऱ्या दिवशी थोडीच आली. चौथ्या दिवशी त्याहून थोडी. आठव्या दिवशी एकही आलं नाही. कण्या तशाच पडून राहिल्या आणि दुपारी मुंग्यांनी ओढून नेल्या.

राहीनं नवव्या दिवशीही कण्या टाकल्या. दहाव्या दिवशीही टाकल्या. अकराव्या दिवशीही टाकल्या. मात्र तिचं बोलणं "हो" आणि "नाही" एवढ्यावर आलं.

एकदा हैबती विहिरीवर गेला होता. शेजारची कोष्टीण दुसऱ्या एका बाईला सांगत होती, "राहीबाईंचा आवाजच ऐकू येत नाही हल्ली. आधी सकाळभर परसात बोलणं चालायचं."

"एकटीच तर राहायची. बोलायची कुणाशी?"

"पाखरांशी. आता धनी आलेत ना घरी. पाखरं गेली, बोलणंही गेलं."

हैबती भरलेली घागर घेऊन घरी आला. वाटभर त्याच्या मनाला काहीतरी टोचत राहिलं. माणूस तो वाईट नव्हता. त्याला वाटलं, आपण पाखरं घालवली, आपणच आणून देऊ. त्यात काय एवढं? चाळीस हत्ती ज्यानं वाकवले, त्याला चार चिमण्या जड का जाव्यात?

दुसऱ्या दिवशी त्यानं परसाच्या मधोमध ज्वारीचा हा एवढा ढीग घातला. ढिगाशेजारी छाती काढून उभा राहिला आणि ओरडला, "या!"

कोष्ट्याच्या छपरावर एक कावळा बसला होता. त्यानं मान तिरकी करून एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा हैबतीकडे पाहिलं, आणि तोही उडून गेला.

मग हैबतीनं दुसरी युक्ती केली. टोपली काठीवर तिरकी टेकवली, काठीला दोरी बांधली, टोपलीखाली किडे टाकले आणि स्वतः दाराआड लपला. दोन दिवसांनी भुकेला दयाळ टोपलीखाली आला. हैबतीनं दोरी ओढली. बांबूच्या कामट्यांचा पिंजरा त्यानं करूनच ठेवला होता. दयाळाला त्यात घालून त्यानं पिंजरा राहीपुढं ठेवला.

"घे," तो ऐटीत म्हणाला. "हा आता कुठं जात नाही."

दयाळ पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसला. त्यानं किडा खाल्ला नाही, पाणी प्यायलं नाही. मधूनच उसळी मारून तो कामट्यांवर डोकं आपटायचा. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी तेच.

"गा की!" हैबती त्याच्यावर खेकसला.

तेव्हा राही उठली. तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं. दयाळ क्षणभर दारात थबकला आणि भिंतीवरून पार दिसेनासा झाला.

"कुणाला विचारून सोडलास?" हैबतीचा आवाज चढला.

राही दोन पावलं मागं सरली. पण त्या दिवशी ती गप बसली नाही. "विचारलं नाही," ती म्हणाली. "साखळी बांधली की हत्ती उभा राहतो. पण तो काय आपल्याजवळ आलेला असतो?"

"काय म्हणालीस?" हैबती असा गरजला, की त्याच्या हातचा तांब्या निसटून दगडावर खणकन आपटला.

शेवग्याच्या फांदीवर दोन चिमण्या नुकत्याच कुठं धीर करून बसल्या होत्या. त्या उडाल्या. आणि त्याच क्षणी राहीनं खांदे आखडले, पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

हैबतीला दोन्ही एकदमच दिसलं. चिमण्या उडाल्या, तशी राहीही उडाली असती. तिला पंख नव्हते, एवढंच.

तो खाली वाकला. त्यानं तांब्या उचलून जागेवर ठेवला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राही कण्या टाकून तांदूळ निवडायला बसली, तेव्हा हैबती येऊन तिच्यापासून चार हात अंतरावर बसला. बराच वेळ चुळबुळत राहिला. मग त्यानं विचारलं, "पाखरं तुझ्याजवळ कशी आली गं? मला शिकवशील?"

राहीनं वर पाहिलं. तीस वर्षांत या माणसानं तिला काही शिकव म्हटलं नव्हतं. तो थट्टा करतोय की काय, हे तिनं आधी नीट पाहून घेतलं.

"बसावं लागतं," ती म्हणाली.

"बसलोय की."

"नुसतं बसायचं. काही मागायचं नाही. टक लावून बघायचं नाही, तसं मांजर बघतं. रोज त्याच वेळेला, त्याच जागी. आणि आली नाहीत तर रागवायचं नाही."

"किती दिवस?"

"ते त्यांनी ठरवायचं."

हैबती बसू लागला. तुम्हाला वाटेल, बसण्यात काय कठीण आहे? पण ज्यानं जन्मभर दुसऱ्याला बसवलं, त्याला स्वतः बसणं भारी अवघड गेलं. पहिल्या दिवशी मुंग्या चावल्या आणि तो उठला. दुसऱ्या दिवशी गुडघा ठणकला आणि तो उठला. तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यानं उपरणं तोंडात कोंबलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तो बसून राहिला.

महिना गेला. पाखरं नाहीत. एकदा दोनदा त्याच्या मनात आलं, उठावं आणि झाडावर धोंडा भिरकावावा. पण त्यानं तसं केलं नाही.

मग एका सकाळी भिंतीवर एक चिमणी येऊन बसली. एकच. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि टुणकन खाली कण्यांत उडी मारली. हैबतीला इतका आनंद झाला, की तो ओरडलाच, "आली!"

चिमणी गेली.

हैबतीनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मागं दारातून एक आवाज आला. बारीक, दाबलेला. राही तोंडाला पदर लावून हसत होती. तिचं हसू हैबतीनं कधी ऐकलंच नव्हतं. तो वळून बघणार होता, पण वळला नाही. समोर अळवाकडे बघत बसून राहिला. हसू थोडा वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी चिमणी परत आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

नुसतं बसून बसून हैबतीचे हात आखडायचे, म्हणून त्यानं एक काम काढलं. खुरपं घेऊन तो अळवाची माती हळूहळू भुसभुशीत करायचा आणि मग मागं सरून बसायचा. मातीतले किडे, गांडुळं वर यायची. एक दिवस भिंतीवर दयाळ दिसला. तोच पिंजऱ्यातला की दुसरा, कोण जाणे! तो दहा पावलांवर उतरला, एक किडा उचलला आणि पळाला. पंधरा दिवसांनी तो पाच पावलांवर येऊ लागला. थंडी सरता सरता तो असा धीट झाला, की हैबतीला उशीर झाला तर भिंतीवर बसून चिडचिड करायचा.

एका सकाळी हैबती भाकरी खात होता. एक साळुंकी चालत चालत आली, त्याच्या पायाच्या अंगठ्याशी पडलेला तुकडा तिनं उचलला आणि तिथंच उभी राहून खाल्ला. हैबती श्वास धरून बसला. ती गेल्यावर तो हलकेच म्हणाला, "एवढे हत्ती माझ्यापुढं वाकले. पण आपणहून कुणी आलं ते हीच पहिली." आणि त्यानं डोळे पुसले.

परसात मोठ्यानं बोलायची सोय राहिली नव्हती. तिथली सवय मग घरातही गेली. "पाणी आण" हे "पाणी आहे का गं?" झालं, आणि पुढं पुढं तो स्वतःच उठून पाणी घेऊ लागला. राही आपलं सूप घेऊन परसात बसायला येऊ लागली. आधी दाराशी बसायची. मग केळीपाशी. ती कुठं बसली, हे हैबतीला कळायचं, पण त्यानं कधी "इकडं ये" म्हटलं नाही.

चैत्र लागला. भिंतीच्या एका भोकात दयाळाच्या जोडीनं घरटं केलं. नर शेवग्याच्या शेंड्यावर बसून सकाळभर गायचा. मग भोकातून पिल्लांची चिवचिव ऐकू येऊ लागली. राही आणि हैबती दोघंही ते ऐकत बसायची.

एक दिवस एक पिल्लू घाई करून बाहेर आलं. त्याला उडता येईना. अर्धवट फडफडत ते जमिनीवर पडलं आणि उड्या मारत मारत राहीच्या पायाशी आलं. राही भिंतीकडे पाठ करून तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि कौतुकानं ती पिल्लाकडे बघू लागली. हैबती बारा पावलांवर अळवात खुरपत होता.

एकाएकी सातभाईंनी कलकलाट केला. हैबतीनं मान वर केली. भिंतीवर एक रानबोका होता. पोट भिंतीला टेकलेलं, कान मागं, डोळे पिल्लावर. उडी आता पडणार होती.

हैबतीला धावता येत नव्हतं. उठायलाच त्याला दोन दमांचा वेळ लागायचा. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, त्याचा आवाज. आणि तो आवाज काढला तर काय जाईल, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा महिने बसून जे मिळालं, ते सगळं एका हाकेत जाणार होतं. पाखरं जाणार होती. राही परत भिंतीकडे तोंड करणार होती.

"धत्!"

हत्तीखान्यातली ती आरोळी परसात घुमली. शेवग्याची फुलं गळली. उडीच्या बेतात असलेल्या बोक्याचा पाय घसरला आणि तो भिंतीपलीकडे पडून पळत सुटला.

पण पाखरंही गेली. एकूण एक गेली. परस असं सुनं झालं, की परळातल्या पाण्याची लाट काठाला लागलेली ऐकू यावी.

हैबती तिथंच चिखलात डोकं धरून बसला. 'गेलं सगळं,' तो मनात म्हणाला. राहीकडे बघायचा त्याला धीर होईना. शेवटी त्यानं बघितलं.

राहीनं खांदे आखडले नव्हते. तोंड फिरवलं नव्हतं. आरोळी कानावर पडताच ती पुढं वाकली होती आणि तिनं दोन्ही तळव्यांची ओंजळ पिल्लावर पालथी घातली होती.

"काय होतं?" तिनं विचारलं.

"बोका."

"वाटलंच मला. उगाच ओरडायचे नाहीत तुम्ही."

हैबती तिच्याकडे बघत राहिला. "भ्याली नाहीस?"

"दचकले," राही म्हणाली. "भ्याले नाही."

"पाखरं मात्र आता यायची नाहीत."

"बसा तुम्ही," राही म्हणाली. तिनं ओंजळ उचलली आणि हात मांडीवर ठेवले. हैबती उठून तिच्याजवळ येऊन बसला.

केळीची सावली वीतभरही सरली नसेल. दयाळाचा नर चोचीत किडा घेऊन आला. भिंतीवर नाही थांबला. थेट खाली, हैबतीपासून दीड हातावर उतरला. त्याच्यामागून मादी आली. पिल्लानं एवढा मोठा आ वासला. मग चिमण्या आल्या, होले आले, आणि सगळ्यात शेवटी, बोक्याबद्दल अजून वाद घालत, सातभाई आले.

राही पिल्लाच्या उघड्या चोचीकडे बघत होती. बघता बघता ती म्हणाली, "आपली ठकू अशीच तोंड उघडायची."

ठकू ही त्यांची मुलगी. दीड वर्षाची होऊन तापानं गेली, त्याला बावीस वर्षं झाली होती. हैबतीला निरोप पोचला, तो दहाव्या दिवशी घरी आला, "झालं ते झालं" म्हणाला आणि दोन दिवसांनी परत गेला. त्यानंतर ते नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं. राहीनं ते फक्त पाखरांना सांगितलं होतं.

आता तिनं ते त्याला सांगितलं. ताप कसा चढला, वैद्य नदीपलीकडे राहायचा आणि नदीला पूर कसा होता, काठावर उभं राहून तिनं नावाड्याला किती हाका मारल्या. शेवटी ठकूनं तिचं बोट कसं घट्ट धरलं होतं. सगळं सांगितलं. मधे मधे ती बराच वेळ थांबायची. हैबती तिची समजूत घालायला गेला नाही, पुढं काय झालं म्हणून विचारलं नाही, हलला नाही. बसून राहिला.

सांगून झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हैबतीच्या मिशा भिजल्या होत्या.

"मी तेव्हा तुला काहीच विचारलं नाही," तो म्हणाला.

"आज तरी कुठं विचारलंत?" राही म्हणाली. "पण सांगावंसं वाटलं."

आठवड्यानं दयाळाची पिल्लं उडून गेली. पुढच्या वर्षी भिंतीत दुसरी जोडी आली, आणि त्यांच्यामागून आणखी नवी पाखरं. त्यांनी हैबती माहुताचा दरारा कधी पाहिलाच नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की या परसात एक म्हातारा आणि एक म्हातारी शेजारी शेजारी बसतात, हळू आवाजात खूप बोलतात, आणि त्यांच्या अगदी पायाशी जाऊन दाणे टिपले तरी चालतं.

तात्पर्य: धाकानं कुणीही जागच्या जागी थांबतं, पण जवळ येतं ते निर्धास्त झाल्यावर, आपल्या पावलांनी.